रोहेकर डॉक्टरांचं सुतक

आडनाव रोहेकर आणि मुक्काम पेणला, यावरून डॉ. सॉलोमन रोहेकरांना आयुष्यभर कोणी ना कोणी टोमणा मारत आलेलं आहे. त्यांच्या पूर्वजांनी रोहा कधी सोडलं आणि का सोडलं, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. कोकणातल्या ज्यू मंडळींना गावांवरून आडनावं पडली. पुढे गावं जागच्या जागी राहिली आणि मंडळी आडनावं घेऊन इस्रायलला गेली. डॉक्टरांचे भाऊ गेले, बहीण गेली, मुलगाही गेला. डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी शीराबाई तेवढे राहिले. "तुम्ही का नाही गेलात?" असं विचारलं की डॉक्टर म्हणतात, "तिकडे डॉक्टर फार आहेत आणि वालाची उसळ कमी आहे."

माणूस देहाने अवाढव्य. दारातून येताना वाकतात आणि खुर्चीत बसताना आधी खुर्चीकडे बघतात, तिची परवानगी घेतल्यासारखं. आवाज मात्र असा बारीक की फोनवर लोक हमखास म्हणतात, "मॅडम, जरा डॉक्टरांना देता का?" डॉक्टर "देते" म्हणून क्षणभर थांबतात आणि त्याच आवाजात "बोला" म्हणतात.

ते मनोविकारतज्ज्ञ आहेत. म्हणजे आमच्या गावच्या भाषेत 'डोक्याचे डॉक्टर'. पेणला त्यांचा दवाखाना कमळाकर मूर्तिकाराच्या गणपतीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे, आणि ही जागा त्यांना मिळाली हे तालुक्याचं भाग्य. डोक्याच्या डॉक्टरकडे जाताना कोणी बघितलं तर मुलीचं लग्न अडतं. गणपती बघायला जाताना कोणी बघितलं तर काहीच अडत नाही. त्यामुळे आमच्याकडे फेब्रुवारीच्या रणरणत्या दुपारीसुद्धा माणसं सहकुटुंब गणपती बघायला निघतात.

"डॉक्टर, तुमच्यामुळे माझं चांगलं चाललंय," कमळाकर म्हणतो. "येतात तुमच्याकडे आणि लाजेकाजेस्तव मूर्तीची ऑर्डर माझ्याकडे देऊन जातात. अर्ध्या तालुक्याचे वेडे माझ्याकडे बुक आहेत."

"वेडे म्हणू नकोस रे."

"मग काय म्हणू?"

"गिऱ्हाईक म्हण."

दर गुरुवारी डॉक्टर रोह्याला जात. तिथे त्यांचा कॉलेजातला मित्र डॉ. हैबतराव शेडगे याचं हृदयविकाराचं हॉस्पिटल आहे. त्यातली एक खोली गुरुवारपुरती रोहेकरांची. पेणहून वडखळ, डोलवीचे ट्रक, मग नागोठणे आणि पुढे रोहा, असा तो प्रवास. हा महामार्ग किती वर्षं बांधून होतोय हे विचारणं असभ्य समजलं जातं. डॉक्टरांचं मात्र त्याबद्दल चांगलं मत होतं. "या रस्त्यावर माणूस भूतकाळाचा विचारच करू शकत नाही," ते म्हणत. "फक्त पुढच्या खड्ड्याचा करतो. माझ्या निम्म्या पेशंटना मी हेच शिकवत असतो."

रोगी तपासण्याची त्यांची रीत पाहून कोणालाही वाटावं, हा मनुष्य तलाठी आहे. भात किती झालं, वाल पेरलेत का, भाऊ वेगळा राहतो की एकत्र, सून स्वयंपाक कसा करते. आणि या सगळ्याच्या मधोमध, भाजीत मीठ बरोबर आहे का हे विचारावं त्या सुरात, एक प्रश्न: "जीव द्यावासा वाटतो का हो कधी?"

आवाज खाली न आणता. दार उघडं असलं तरी. हैबतरावच्या हॉस्पिटलात नवीन आलेल्या नर्सच्या हातून पहिल्या गुरुवारी ट्रे पडायचा. एकीने धीर करून म्हटलंही, "सर, असं विचारून त्यांच्या डोक्यात नसलेलं येईल ना?"

"नसलेलं येत नाही," डॉक्टर म्हणाले. "असलेलं असतं ते दाराबाहेर ताटकळत असतं. त्याला आत या म्हटलं की ते निदान बसतं. मग त्याच्याशी बोलता येतं."

खांब गावच्या बाजूचा आदर्श नावाचा एक तरुण रोह्याला त्यांच्याकडे वर्षभर येत होता. घरी भात आणि वालाची शेती, हा डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्टमध्ये. आला तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसायचा. पुढे खुर्ची वळवली, पुढे बोलायला लागला, पुढे तर डॉक्टरांची चेष्टा करायला लागला. गप्पा रंगल्या की स्वतःच म्हणायचा, "आता विचारा तुमचा तो प्रश्न. विचारल्याशिवाय तुम्हाला जेवण जायचं नाय."

शेवटच्या गुरुवारीही डॉक्टरांनी विचारलं.

"नाय हो," आदर्श म्हणाला. "मी गेलो तर पोपटी कोण लावील? यंदा तुम्ही याच. वालाच्या शेंगा आमच्या, भाजायचं मडकं आमचं. तुम्ही फक्त खायाचं. ते तर तुम्हाला जमतंच."

डॉक्टर हसले. पुढची तारीख दिली. पुढच्या तारखेच्या आधीच आदर्शने आत्महत्या केली.

ही बातमी डॉक्टरांना एका हवालदाराच्या फोनवरून कळली. मयताच्या घरी त्यांच्या नावाची औषधाची चिठ्ठी होती, म्हणून चौकशी. कधीपासून येत होता, कोणत्या गोळ्या, शेवटचं कधी पाहिलं. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. हवालदाराने लिहून घेतलं, आभार मानले, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "सर, एक विचारू? मलापण अलीकडे झोप लागत नाही."

डॉक्टरांनी त्याला पुढच्या आठवड्यातली वेळ दिली.

मग घरी येऊन ते जमिनीवर बसले.

ज्यू माणसांत जवळचं कोणी गेलं की घरचे सात दिवस खाली बसतात. दाढी करायची नाही, कामाला जायचं नाही, आपण कोणाकडे जायचं नाही. लोक आपल्याकडे येतात. पण हे आईबाप, भावंडं, मुलं, नवराबायको यांच्यासाठी. पेशंट या यादीत बसत नाही. शास्त्र करणाऱ्यांच्या डोक्यात पेशंट आलाच नसावा.

शीराबाई शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. हॉलमध्ये आल्या तर नवरा चटईवर.

"कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग खाली का बसलात?"

"पाठ दुखतेय."

"पाठ दुखणारा माणूस सोफ्यावर बसतो. आणि तुम्ही खाली बसल्यावर तुम्हाला उठवणार कोण? क्रेन?"

पेशंटचं नाव घरात घ्यायचं नाही, हा डॉक्टरांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. शीराबाईंनी त्यांच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं आणि चपला घालून बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा हातात बशी होती. बशीत एक उकडलेलं अंडं आणि थोडी मसूर. दुःखात बसलेल्याचं पहिलं जेवण घरच्या चुलीवरचं चालत नाही, शेजारपाजारच्यांनी आणायचं असतं. ते त्यांनी कमळाकरच्या बायकोकडून, अनिताकडून करून आणलं होतं. अनिताला काय सांगितलं देव जाणे. बहुधा गॅस संपला म्हणाल्या असतील. बशी पुढे ठेवून त्या आत गेल्या. पुन्हा काही विचारलं नाही.

डॉक्टर बसून राहिले. भेटायला कोणीही आलं नाही, कारण गेलं कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावर 'डॉक्टर आजारी आहेत' अशी पाटी लागली, आणि त्या आठवड्यात गणपती बघायला आलेल्या माणसांना खरोखरच गणपती बघून परत जावं लागलं.

ते कामावर आले ते वेगळेच होऊन आले. आता तो प्रश्न ते सगळ्यांना विचारू लागले, आणि एकदा विचारून भागेना. एकाच माणसाला येताना, मध्ये आणि जाताना. परीक्षेची भीती वाटते म्हणून आलेल्या मुलीला विचारला, तिच्या आईला विचारला. वीजबिल द्यायला आलेल्या माणसालाही विचारला. "साहेब," तो म्हणाला, "बिल तुमचं आहे."

कोणी 'नाही' म्हटलं की डॉक्टर त्याच्याकडे असे बघत, जसा कमळाकर न वाळलेल्या मूर्तीकडे बघतो. 'नाही' या शब्दावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. मग ज्याला त्याला अलिबागची नाहीतर मुंबईची चिठ्ठी. निवृत्त बँक मॅनेजर दत्तात्रेय काका घोरण्याची तक्रार घेऊन आले होते, तेही मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी घेऊन खाली उतरले. "मला इतकं झालंय?" त्यांनी कमळाकरला विचारलं. कमळाकर म्हणाला, "काका, तुम्हाला नाही. वर झालंय."

आणि रोह्याचे गुरुवार तर पार बंद. एका गुरुवारी गाडी बिघडली. एकदा नागोठण्याला पाणी भरलं म्हणाले. पाऊस संपून महिना झाला होता. एकदा ताप. शेवटी त्यांनी हैबतरावला फोन केला आणि रोह्याची ओपीडी बंद करतोय म्हणून सांगितलं.

"सॉल्या, खरं बोल," हैबतराव म्हणाला. "पेशंट गेला ना एक?"

डॉक्टरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाव नको सांगूस. माझे किती जातात. सकाळी जातो, दुपारी मी ओपीडी करतो. जेवतोसुद्धा."

"तुझा गेला तर लोक म्हणतात, आयुष्य तेवढंच होतं. माझा गेला तर म्हणतात, डॉक्टरला कळलं कसं नाही. त्यांचं सोड, मीच म्हणतो. तुझ्याकडे मशीन आहे, कागदावर रेघ येते. माझं मशीन म्हणजे हे दोन कान. ते बिघडलेत की नाही, तेही त्याच कानांनी तपासायचं."

"आणि वाचलेले? ते किती?"

"तेच कळत नाही ना! तुझा वाचलेला पेढे घेऊन येतो. माझ्या वाचलेल्याला आपण कशातून वाचलो याचाच पत्ता नसतो. तो फक्त यायचा बंद होतो. गेलेलाही यायचा बंद होतो."

हैबतराव हा तोंडाने फाटका असला तरी माणूस बरा. तो म्हणाला, "ठीक आहे. बंद कर. पण एक गुरुवार ये, सगळ्यांना पुढची औषधं लिहून दे आणि तोंडाने सांग. माझ्या रिसेप्शनवरच्या पोरीने तुझ्या वाट्याच्या शिव्या का खायच्या?"

हे पटण्यासारखं होतं. डॉक्टर गेले.

त्या शेवटच्या गुरुवारी खोलीबाहेर बाकं भरलेली. डॉक्टर भराभर उरकत होते. भाताची चौकशी नाही, सुनेची नाही, आणि पेणला ऊठसूट विचारला जाणारा तो प्रश्न इथे एकदाही नाही. इथे तो त्यांच्या तोंडातून निघेना. याच खोलीत, समोरच्या याच खुर्चीतून त्या प्रश्नाला आदर्शकडून एक हसरं उत्तर मिळालं होतं. गोळ्या लिहायच्या, अलिबागच्या डॉक्टरांचं नाव लिहायचं, पुढचा.

पुढची एक बाई होती. नऊवारी नेसलेली, रापलेली, हातात पिशवी. खुर्ची सोडून ती कडेच्या स्टुलावर बसली.

"वळखलंत?"

डॉक्टरांनी ओळखलं. आदर्शला पहिल्यांदा घेऊन आली होती ती हीच, त्याची आई गिरजाबाई.

"मग आलात का नाय?" तिने विचारलं.

डॉक्टरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"दहाव्याला आख्खं गाव व्हतं. कंपनीतली पोरं आली. बांधावरनं ज्याच्याशी आमचं वाकडं हाय, तो हैबत्या सुदिक आला, बाजूला उभा राहून गेला. तुमी नाय आलात."

बाहेरच्या हैबतरावचा या हैबत्याशी संबंध नाही. आमच्याकडे ते नाव पिकतं.

"मी आलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, हे कोण," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज होता त्याहून बारीक झाला होता. "तो माझ्याकडे येत होता हे बाहेर कळायला नको. माझ्यावर तसं बंधन असतं."

गिरजाबाईने त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं.

"डाक्टर, गुरवारी तो खांबच्या नाक्यावर उतरला की रिक्षावाले इचारायचे, काय म्हणतोय तुझा जाडा डाक्टर? आख्ख्या गावाला म्हायती. गुपित फक्त तुमच्याकडंच व्हतं."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"आमच्यात दुःखाला जो येत नाय, त्याचा राग हाय असं धरतात. मी म्हटलं, डाक्टरांचा माझ्यावर राग हाय. रोज त्याला गोळी घेतली का इचारायची मी. त्या दिशी शेतावर व्हते, इचारलं नाय. म्हटलं, डाक्टरांना ते कळलं असंल."

"नाही हो," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "एका दिवसाच्या गोळीने असं होत नाही. तुमच्या विचारण्या न विचारण्याने तर नाहीच. मला वाटलं, तुमचा माझ्यावर राग असेल."

"हाय ना," गिरजाबाई म्हणाली.

तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"का नसावा? तुमच्यावर हाय, माझ्यावर हाय. त्याच्यावर तर लय हाय, पण त्याला कुठं जाऊन सांगू? म्हणून काय तोंड दावायचं नाय व्हय?"

"मी घरी बसलो होतो," डॉक्टर म्हणाले. "खाली. आमच्यात माणूस गेलं की घरात खाली बसतात. लोक भेटायला येतात."

"कोण आलं?"

"कोणी नाही. मी कोणाला सांगितलंच नव्हतं."

"मंग कोण येल?" गिरजाबाई म्हणाली. "आमी तिकडं बसलेलो, तुमी हिकडं बसलेले. समदीच बसली तर भेटायला जायाचं कुणी?"

मग ती स्टुलावरून उठली, पदर सारखा केला आणि डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. दुःखाच्या घरी बाया बसतात तशी, न बोलता. डॉक्टरही बसले. बाहेर बाकावर कोणीतरी मोठ्याने जांभई दिली. कोणीतरी म्हणालं, आज आत काय पंगत बसलीय का? थोड्या वेळाने गिरजाबाईने नाक पुसलं.

"झालं. आता माझं काम," ती म्हणाली. "ह्यांना आणलंय. बाहेर बसलेत. गुडघा दुखतो म्हणून आणलंय, नायतर आले नसते. आदर्श गेल्यापासनं जेवत नायत, बोलत नायत, रातीचे उठून बसतात. ते गुडघाच सांगतील. तुमी ऐकू नका."

"गिरजाबाई, मी ही ओपीडी बंद करतोय. अलिबागला एक चांगले..."

"अलिबागला ते यायचे नायत. हितं आले, कारण पोरगा तुमचं नाव घ्यायचा." आणि ती दार उघडून बाहेर हाक मारून मोकळीही झाली.

सखा, आदर्शचा बाप, टोपी हातात घेऊन आत आला. उंच, वाळलेला, दाढी वाढलेली. गिरजाबाई बाहेर थांबली.

"गुडघा," सखा म्हणाला.

डॉक्टरांनी गुडघा तपासला. कॉलेज सोडल्यापासून त्यांनी गुडघ्याला हात लावला नव्हता, पण तो मुद्दा नव्हता. वाकवा म्हणाले, सरळ करा म्हणाले. मग खुर्चीत बसून त्यांनी वालाचं विचारलं.

"हाय."

भाताचं विचारलं.

"हाय."

झोपेचं विचारलं.

सखाने टोपीची घडी घातली, मोडली.

इथपर्यंत सोपं होतं. यापुढे तो प्रश्न होता, आणि डॉक्टरांनी तोंड उघडून मिटलं. 'नाय' असं उत्तर आलं तर त्याचं काय करायचं, हे त्यांना आता माहीत नव्हतं. ड्रॉवरमध्ये अलिबागच्या छापील चिठ्ठ्या होत्या. त्यांनी ड्रॉवर उघडला. सखा उठू लागला. त्याला वाटलं, काम झालं.

"बसा," डॉक्टर म्हणाले. ड्रॉवर त्यांनी गुडघ्यानेच ढकलून बंद केला. "सखाराव, जीव द्यावासा वाटतो का हो?"

मीठ विचारावं तसा तो आला नाही. घोगरा आला, अडखळत आला.

सखा खिडकीकडे बघत राहिला. खिडकीतून हॉस्पिटलची पाण्याची टाकी दिसते, त्यात बघण्यासारखं काही नाही.

"हे मला कुणी इचारलं नव्हतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "व्हय. येतं मनात."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. खुर्ची कुरकुरली.

"कधी येतं?"

"एकटा शेतावर असलो का."

"मग काही दिवस एकट्याने जायचं नाही. गिरजाबाईंना हे सांगितलंय?"

"तिला कशाला सांगू? तिचं तिला पुरे हाय."

"त्या बाहेर बसल्यात त्या तुमच्या गुडघ्यासाठी नाही बसलेल्या. त्यांना आत बोलावू?"

सखाने टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली आणि मान हलवली. होकारार्थी.

गिरजाबाई आत आली. तिघांचं बोलणं बरंच लांबलं. बाहेरची बाकं खवळली. शेवटी हैबतराव स्वतः आला आणि दारावर थाप मारून म्हणाला, "सॉल्या, बाहेर दंगल होईल. एका गुडघ्याला इतका वेळ? मी छाती उघडून शिवूनही टाकली असती."

डॉक्टर वाकून दारातून अर्धे बाहेर आले.

"अवघड गुडघा आहे," ते म्हणाले. मग रिसेप्शनवरच्या मुलीकडे वळून म्हणाले, "पुढच्या गुरुवारी पहिलं नाव सखारावांचं घ्या. आणि त्याच्या आधी, सोमवारी, मी त्यांना फोन करणार आहे. त्यांचा नंबर लिहून द्या."

"पण सर, पुढच्या गुरुवारपासून आपली ओपीडी तर..."

"नंबर द्या," डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा वाकून आत गेले.